केळं बंद, रस बंद

नारिंगी पावडरच्या कंपनीत लोकांचे फोन घ्यायला सहा जणी बसत, आणि सहाही जणींच्या पुढ्यात एकच वही असे. वहीत एकोणीस प्रश्न आणि एकोणीस उत्तरं. पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, काय करू? रोज किती ग्लास प्यावं? पाण्याऐवजी दिवसभर हेच प्यायलं तर? पोरीची जीभ नारिंगी झालीय, रंग जाईल ना? गरोदर बाईने घ्यावं का? रात्री कालवलेलं सकाळी चालतं का? जग एवढं मोठं, माणसं तऱ्हेतऱ्हेची, पण त्या डब्याबद्दल जगाला प्रश्न पडतात ते एकोणीसच, असं कंपनीचं म्हणणं. विसावा कुणी विचारलाच, तर तो एकोणिसांपैकी कशात तरी बसवायचा.

शिवाय एक नियम होता, वहीच्या पहिल्या पानावर, लाल अक्षरात: फोन करणाऱ्याला उलट प्रश्न करायचा नाही. वय किती, आजार कोणता, औषधं काय चालू आहेत, काही म्हणता काही विचारायचं नाही. विचारलं की तो सल्ला झाला, आणि सल्ला देणं डॉक्टरांचं काम. आपण विचारलेल्याचं उत्तर द्यायचं, गोड बोलायचं आणि फोन ठेवायचा.

मैना त्या खुर्चीवर सात वर्षं बसत होती. मैना हे तिचं कागदावरचं नाव नव्हे, ते बाबांनी पाडलेलं. लहानपणी ऐकलेलं सगळं ती जसंच्या तसं म्हणून दाखवायची, अर्थ कळो न कळो. पुढे ही नोकरी लागली तेव्हा बाबा म्हणाले, "बघ, मी तेव्हाच ओळखलं होतं. पढवलेलं बोलायचा पगार मिळतोय पोरीला!"

बाबा म्हणजे चष्मेवाले. चाळीस वर्षं एका अरुंद दुकानात त्यांनी लोकांच्या नाकावर भिंगं बसवली. "आता दिसतंय? आणि आता? हे बरं की ते बरं?" असं विचारत विचारत आयुष्य गेलं. येणारी माणसं त्यांना आवाजासकट पाठ. तक्त्यावरची शेवटची ओळ आधीच घोकून येणारा पहारेकरी, दिसत असूनही नाही म्हणणारी मास्तरीण, आणि एक म्हातारा, ज्याला मुळात अक्षरओळखच नव्हती आणि ते सांगायची लाज वाटून तो दर वेळी "आज डोळे दुखताहेत" म्हणायचा. या म्हाताऱ्याची नक्कल मात्र बाबा कधी कुणापुढे करत नसत. बाकीच्यांची करत, आणि घरात हसून हसून पोट दुखायचं.

तर या बाबांना मैनेच्या नोकरीचा एक खेळ सापडला. दुपारी तीनच्या सुमाराला दुकानात माशी नसायची. मग ते कंपनीचा नंबर फिरवायचे. सहा जणींपैकी कुणाकडे फोन लागेल ते नशिबावर. दुसरी कुणी निघाली की "चुकून लागला" म्हणून ठेवायचे, पुन्हा फिरवायचे. मैना सापडली की आवाज बदलायचा.

"हॅलो, मी पैलवान बोलतोय. तुमची पावडर मी दुधात घालून प्यायलो, आता माझ्या मिशीला मुंग्या लागल्यात. काय करू?"

इकडे फोन रेकॉर्ड होतात, हसायची सोय नाही. मैना ओठ आवळून वही वाचायची. "आमचं पेय थंड पाण्यात मिसळून घ्यावं, साहेब. आणखी काही मदत करू का?"

"मिशीचं काय?"

"वापरानंतर झाकण घट्ट लावावं, साहेब."

आणि संध्याकाळी जेवताना ती अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणायची, "आज एका पैलवानाने फार पिडलं." बाबा तितक्याच गंभीरपणे, "असं? कोण मेला?" आई दोघांकडे बघून कपाळाला हात लावायची. "बाप वेडा आणि लेक त्याच्या वरताण. मी बापडी कुठे जाऊ?"

कर्मचाऱ्यांना महिन्याला एक डबा घरी मिळे. दोन वर्षांपूर्वी कंपनीने बिनसाखरेचा नवा डबा काढला, आणि वीस वर्षं साखरेच्या आजारामुळे फिकं तोंड घेऊन बसलेल्या बाबांना जणू देवच पावला. पहिला ग्लास त्यांनी डोळे मिटून संपवला. "मैने, वीस वर्षांनी गोड प्यायलो गं." त्यानंतर आई त्यांना रोज कालवून द्यायची. सकाळी एक, दुपारी दुकानात बाटलीतून, संध्याकाळी आल्यावर एक. उन्हाळ्यात चार-चार ग्लास. आई प्रेमाने पाजायची आणि ते प्रेमाने प्यायचे. यात कुठे काही वाईट आहे असं स्वप्नात तरी कुणाला वाटावं?

एके सकाळी दुकानात निघताना बाबा चपला घालायला वाकले, आणि "जरा बसतो" म्हणाले. बसले ते उठले नाहीत. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

डॉक्टर तरुण होते, हळू आवाजात बोलत होते. मूत्रपिंडं केव्हाची थकली होती, म्हणाले, साखरेनेच. अशा माणसाच्या रक्तात पोटॅशियम साचतं आणि फार साचलं की हृदय बंद पडतं. केळं, फळांचा रस सगळं टाळावं लागतं, बटाटासुद्धा उकळून त्याचं पाणी फेकावं लागतं, पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं म्हणून. "यांना कुणी सांगितलं नव्हतं? ते काय खात-पीत होते?"

आईने पिशवीतून नारिंगी पाण्याची अर्धी बाटली काढून दाखवली. मैनेने डब्याचं नाव सांगितलं. डॉक्टरांनी फोनवर त्यातली द्रव्यं शोधली आणि बराच वेळ वाचत राहिले. "यात पोटॅशियम आहे. धडधाकट माणसाला काही होत नाही. एवढ्यानेच झालं असं मी म्हणणार नाही. पण..."

तो 'पण' मायलेकींबरोबर घरी आला.

त्या दिवसापासून आईने एकच वाक्य धरलं. भेटायला येईल त्याला, फोन करील त्याला, शेजारच्या शिंपीणबाईला, दुकानाच्या मालकाला, ती आपणहून सांगायची, "मीच पाजलं. माझ्या हाताने कालवून पाजलं." लोक म्हणायचे, असं बोलू नये. ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या माणसाला तेच सांगायची. मैनेला वाटायचं, दुःखाने आईचं डोकं एका जागी अडकलंय.

पंधराव्या दिवशी मैना कामावर गेली. सकाळ कशीबशी निभावली. तीन वाजता फोन वाजला, तिने उचलला, आणि पलीकडून एक खरीखुरी म्हातारी थरथरत्या आवाजात म्हणाली, "बाई, माझं एक विचारायचं होतं."

"बोला आजी," मैना म्हणाली आणि तिथेच अडली.

कारण असाच म्हातारीचा आवाज तिने महिन्याभरापूर्वी ऐकला होता. तो बाबांनी काढला होता. त्यांचा तो शेवटचा फोन. त्या दिवशी ऊन मरणाचं होतं, फोनमागून फोन येत होते, आणि तिने त्यांना चटकन सहाव्या प्रश्नाचं उत्तर देऊन वाटेला लावलं होतं, एवढंच तिला आठवत होतं. सहावा प्रश्न साखरेच्या आजाराचा. पण बाबांनी विचारलं काय होतं? नेमकं काय?

तिने फोनवरच्या म्हातारीचं काम कसंबसं उरकलं आणि उठून मुख्य बाईंकडे गेली. मुख्य बाई कडक. सहाही जणी त्यांना टरकून असत. मैनेने तारीख सांगितली, वेळ सांगितली, आणि म्हणाली, "बाबांचा फोन होता. मला ऐकायचाय."

बाईंनी चष्मा काढला. तो बाबांनीच करून दिलेला. "अगं, त्यांचे फोन ठाऊक आहेत मला. सगळे ऐकलेत मी. नियमाने तक्रार करायला हवी होती, पण करवली नाही." मग म्हणाल्या, "नको ऐकूस. आवाज ऐकून आणखी रडशील."

"रडेन. पण ऐकायचाय."

बाईंनी तिला आतल्या खोलीत बसवलं, फोन शोधून दिला आणि दार ओढून बाहेर उभ्या राहिल्या.

आधी तिचाच आवाज आला, ताजा, टवटवीत. "नमस्कार, बोला."

"बाई, मी एक म्हातारी बोलतेय हो." काय हुबेहूब आवाज! दात नसल्यासारखा.

"बोला आजी."

"आमच्या ह्यांचं विचारायचंय. डॉक्टरांनी ह्यांचं केळं बंद केलंय. संत्र्याचा रस बंद केलाय. बटाटा म्हणे आधी उकळा, ते पाणी फेका, आणि मग..."

"हो आजी, आलं लक्षात." बटाट्याच्या पाण्यावरून तिचा आवाज धावत गेला होता. "आमच्या नव्या डब्यात साखर अजिबात नाही. साखरेचा त्रास असणाऱ्यांनी निर्धास्त प्यावं."

मध्ये जराशी शांतता होती. त्या दिवशी ती तिला जाणवलीच नव्हती. आता कान लावून ऐकलं तेव्हा त्या शांततेत दुकानातल्या पंख्याची घरघर ऐकू आली.

"साखर नाही, ते खरं," म्हातारी म्हणाली. "पण बाकी काही?"

"निर्धास्त प्या, आजी."

"निर्धास्त ना?"

हे शेवटचे दोन शब्द म्हातारीचे नव्हते. आवाज बदलायचं राहून गेलं होतं. तो बाबांचा आवाज होता, तक्त्याजवळ उभं राहून 'आता दिसतंय ना?' विचारणारा.

"हो. आणखी काही मदत करू का?"

"नको बाई. फार गोड बोलता तुम्ही. देव तुमचं भलं करो."

आणि फोन तुटता तुटता दाबलेलं हसू फुटल्याचा आवाज. तिचंच हसू.

कोण विचारत होतं? बाप विचारत होता. कुणाला? पोटच्या लेकीला. काय? मी जगू ना, एवढंच. आणि लेकीला वाटलं, बाबा खेळताहेत! आजार सांगितला तर पोर घाबरेल, म्हणून बापाने तोंडावर दुसरं तोंड चढवलं. आणि केळं बंद, रस बंद म्हटल्यावर ही साखरच असणार, म्हणून लेकीने पुढचं ऐकलंच नाही. कशाने बंद, का बंद, एवढं एक विचारलं असतं तर? पण सात वर्षं तिने कुणाला काही विचारलं नव्हतं. विचारायची जीभच उरली नव्हती.

दार उघडून बाई आत आल्या, तेव्हा ती रडत नव्हती. "मी घरी जाते," म्हणाली.

घरी आत्या आली होती. बाबांची थोरली बहीण, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. भाऊ गेला तेव्हा ती स्वतः आजारी होती, आज पहिल्यांदा आली होती. टेबलावर तिच्यापुढे तो डबा ठेवलेला, आणि आई समोर उभी, वर्गात उभी केल्यासारखी.

"एवढी बारीक अक्षरं लिहितात मेले, पण लिहितात तरी ना?" आत्या म्हणत होती. "चष्मेवाल्याची बायको तू! साऱ्या गावाला त्याने वाचायला लावलं आणि तुला घरातला डबा वाचता आला नाही?"

"नाही वाचला, वन्सं."

"चार-चार ग्लास? माणसाला की झाडाला?"

"मीच पाजलं, वन्सं. माझीच चूक."

"चूक म्हणते! माझा भाऊ गेला गं. मी कडेवर खेळवलेला." आत्याचा आवाज चिरकला.

मैना दारातच उभी होती, खांद्यावरची पिशवीही तिने उतरवली नव्हती. "आत्या, आईला बोलू नकोस. बाबांनी मला विचारलं होतं. मीच..."

"मैने!" आई एवढ्या जोरात ओरडली की आत्याही दचकली. आई पुढे झाली आणि दोघींच्या मध्ये उभी राहिली. "वन्सं, तिच्याकडे लक्ष देऊ नका. पंधरा दिवस पोटात अन्न नाही, डोळ्याला डोळा नाही. काहीही बरळते. तिला फणफणून ताप आहे."

"मला ताप नाहीये."

"आहे. आत चल."

आत्या दोघींकडे बघत राहिली. "काय म्हणाली ही? कुणाला विचारलं होतं?"

"कुणाला नाही. तुम्ही जरा पडा वन्सं, प्रवासाने दमला आहात." आणि आईने आत्याला हाताला धरून शेजारच्या खोलीत नेऊन निजवलं, पांघरूण घातलं, दार लोटलं. पंधराव्या दिवशी एवढी ताकद तिच्यात कुठून आली, देव जाणे.

मग ती स्वयंपाकघरात आली. मैना ओट्याला टेकून उभी होती.

"आई, मी रेकॉर्ड ऐकून आलेय. बाबांचा फोन. त्यांनी विचारलं होतं गं, सगळं सांगून विचारलं होतं, आणि मी त्यांना..."

"निर्धास्त म्हणालीस," आई म्हणाली.

मैना ओट्यापासून सरळ झाली.

"ठाऊक आहे मला. हळू बोल." आईने नळ सोडला, पलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून. "ह्यांचा सदरा धुवायला घेतला, तर खिशात कागद. काय काय खायचं नाही त्याचा. म्हटलं, हे काय? तर म्हणाले, काही नाही, मूत्रपिंडं जरा कुरकुरताहेत, मैनेला बोलू नकोस, माझी शपथ आहे. म्हटलं, बरं, मग ते नारिंगी उद्यापासून बंद. तर हसायला लागले. म्हणे, अगं वेडे, मी लेकीला विचारलंय! म्हातारीचा आवाज काढून विचारलं. निर्धास्त प्या म्हणाली." आईने पदराने हात पुसले, जे ओले नव्हतेच. "एवढे खूश होते गं. आणि मीही झाले निर्धास्त."

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून..."

"दवाखान्यात डॉक्टर बोलले तेव्हाच कळलं. तुझ्याकडे बघितलं मी. तुझ्या काही ध्यानात आलं नव्हतं."

"म्हणून तू सगळ्यांना सांगत सुटलीस? मीच पाजलं, मीच पाजलं?"

"मग काय करू? लोक विचारणारच, कुणी दिलं? कसं दिलं? एकाने विचारलं, दुसऱ्याने विचारलं की विचारत विचारत तुझ्यापर्यंत आले असते. एक बाई कबूल झाली ना, की लोक पुढे शोधत नाहीत." मग ती म्हणाली, "खोटं कुठे बोलले? माझ्याच हाताने पाजलं की."

"आई, मी आत्याला सांगणार. आत्ताच."

"नाही सांगायचं."

"ती तुला काय काय बोलतेय!"

"बोलू दे. तिचा भाऊ गेलाय. तिला कुणाला तरी बोलायला हवं. मला बोलते तेवढा वेळ तिचं दुःख हलकं होतं."

"पण चूक माझी आहे!"

आईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "हे बघ. तू चौतीस वर्षांची. देवाने आयुष्य दिलं तर आणखी चाळीस वर्षं जगशील. चाळीस वर्षं हे घेऊन कशी चालशील? मला किती राहिलीत? दहा? बारा? मी तेवढ्यात संपवते. ते इकडे दे."

"असं देता येतं का गं, आई?"

"येतं. मी घेतलंय. तू फक्त ओढून घेऊ नकोस."

मैनेला वाटलं होतं, पंधरा दिवसांत आपलं रडायचं तेवढं रडून झालंय. तसं नव्हतं. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. ती आईच्या खांद्यात तोंड खुपसून खाली बसत गेली, आणि तिला सावरता सावरता आईही फरशीवर बसली. नळ वाहत होता, पण त्या आवाजापुढे नळाचं काय चालणार?

शेजारच्या खोलीतून आत्याची हाक आली. झोपेने आणि रडण्याने जड झालेली. "कोण रडतंय गं? मैना का?"

आईने लेकीचं डोकं छातीशी घट्ट दाबून धरलं.

"नाही, वन्सं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे कोरडे ठक्क होते. "मी रडतेय."